जरा थांब!

दिवाळी अंकात वाचकाला काहीतरी हसरे, खुसखुशीत हवे असते, हे मला ठाऊक आहे. एरवी दर आठवड्याला या जागी मी तेच देण्याची खटपट करतो. पण यंदा लिहायला बसलो आणि गेल्या दिवाळीतला एक आवाज कानांत घुमू लागला. मी स्टुलावर चढून आकाशकंदील टांगत होतो आणि खाली अंगणात उभा राहून माझा मित्र ओरडत होता, "जरा थांब! डावीकडे कललाय!"

तो आषाढात गेला. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने.

"जरा थांब" हे त्याचे ठेवणीतले शब्द. एका कचेरीत तो हिशेबनीस होता. स्वतः त्याने कधी चित्राची रेघ ओढली नाही. आवाज तर असा, की आरतीतसुद्धा शेजारचा दचकावा! पण काही सुंदर दिसले की त्याचे पाय जमिनीला खिळत, आणि आपण पुढे निघालो असू तर मागून हाक येई, "जरा थांब."

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय मी पाहुण्यांना कितीदा तरी दाखवले होते. तासाभरात उरकायचे, मग मिसळ, असा माझा शिरस्ता. याच्याबरोबर गेलो आणि सारी दुपार दिव्यांपुढे आणि अडकित्त्यांपुढे गेली. "सुपारी कातरायला धार पुरे होती," तो म्हणाला. "मग या लोहाराने नक्षीवर जीव का पाखडला असेल?" मी वर्गात रसचर्चा शिकवतो. अभिनवगुप्ताचा 'सहृदय' गेली कित्येक वर्षे फळ्यावर लिहितो आणि तास संपला की पुसून टाकतो. तो सहृदय प्रत्यक्षात दिसतो कसा, हे मला त्या दुपारी कळले.

सवाई गंधर्व महोत्सव तर त्याचा सणच. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव. याची जागा भारतीय बैठकीत ठरलेली. जवळ एक शाल, पोळीभाजीचा डबा आणि बंद केलेला मोबाईल. मला मात्र त्याची काळजी वाटे. एकदा मी म्हटलेसुद्धा, "अरे, घराचे हप्ते आहेत, मुलीचं शिक्षण आहे. गाण्याबजावण्यावर किती घालवायचे?"

तो हसला. "हिशेब घरी आहे," एवढेच म्हणाला.

गेली तीन वर्षे तो मला औंधला चल म्हणत होता. पुण्यातले औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातले. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली संग्रहालय उघडले. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे तिथे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची 'आई आणि मूल' ही शिल्पकृतीही. दर वेळी माझे उत्तर एकच, "पेपर तपासायचेत रे!" पेपर तपासून झाले. औंध राहिले.

सोसायटीच्या शोकसभेत मीच बोललो. संसाराचे भान विसरून कलेत रमणारा अवलिया, असे त्याचे वर्णन केले. लोकांनी माना डोलावल्या. दोन दिवसांनी घरी गेलो, तेव्हा वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, भाषण चांगलं झालं. पण एक चुकलं. संसाराचं भान विसरून तिकिटं येत नाहीत. माझ्या शिवणाच्या पैशातले थोडे दर महिन्याला वेगळ्या डब्यात पडायचे. त्यातून यायची ती. मुलगी लहान होती तेव्हा एक दिवस हे गाण्याला जायचे, एक दिवस मी."

चहा मला गिळवेना. 'हिशेब घरी आहे' या शब्दांचा अर्थ तेव्हा उलगडला. "आज माझी पाळी घरी" असे तो कधी कधी म्हणे, तेही आठवले. पण त्या दिवशी बैठकीत त्याच्या जागी कोण बसते, हे विचारायचे मला कधी सुचले नव्हते.

गौरीगणपती झाले आणि एका रविवारी मी, माझी पत्नी आणि वहिनी असे तिघे औंधला गेलो. साताऱ्याहून एस. टी., मग डोंगराची चढण. रविवर्म्यापुढे मी रीतसर थांबलो. त्याच्याविषयी मला चार वाक्ये बोलता येतात. मूरच्या त्या शिल्पावरून मात्र नजर फिरवून, हात पाठीमागे बांधून मी पुढे निघालो.

"जरा थांबा, भाऊजी."

मी दचकून वळलो. वहिनी तिथेच उभ्या होत्या.

"आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा मुलगी माझ्या कडेवर होती," त्या म्हणाल्या. "हेसुद्धा असेच पुढे निघाले होते. म्हणाले, दगड अर्धवट राहिलाय. मी म्हटलं, जरा थांबा, आई कुठं संपते आणि मूल कुठं सुरू होतं, ते बघा तरी. मग हे हलेचनात. आमची गाडी चुकली. त्या दिवसापासून माझा शब्द यांनी उचलला." मग किंचित हसून म्हणाल्या, "उचलला तो परत दिलाच नाही."

मी थांबलो. पाहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

मित्र गेला म्हणजे त्याची रसिकता गेली, असे मी धरून चाललो होतो. तिचे मूळ तर घरातच होते, आणि मी ज्याला एकट्याचा छंद समजत होतो तो दोघांचा संसार होता. पुढच्या सत्रात 'सहृदय' शब्द फळ्यावर लिहीन, तेव्हा मुलांना सांगणार आहे, की ज्याच्या सोबतीला आणखी एक हृदय असते तोही सहृदय. व्याकरणाचे प्राध्यापक मला क्षमा करोत!

डिसेंबरात भारतीय बैठकीची तीन तिकिटे काढायची, असे आम्ही परतीच्या गाडीतच ठरवले. माझ्या वाट्याचे पैसे मी वहिनींच्या डब्यात टाकून आलो आहे. त्याच दिवसांत टेबलावर पेपरांचा गठ्ठा येऊन पडेल, हे मला ठाऊक आहे. या खेपेला त्या गठ्ठ्यालाच सांगणार आहे, जरा थांब!