सोमवारची सायकल

सायकल चालवून हवामान सुधारतं का, हा वाद पुण्या-नागपुरात घातला जातो. आमच्या पवनी तालुक्यातल्या आसगावात तो कुणी घालत नाही. शाळेच्या वेळेला मुली सायकलींवर निघतात, कॅरिअरला डबा आणि विळा बांधून कुणी बांधीकडे जातं. तुम्ही पृथ्वी वाचवताय असं त्यांना सांगितलं, तर वेड्यात काढतील. तरीही शहरांनी सायकलीचा विचार करताना आधी या माणसांकडे पाहावं, असं माझं म्हणणं आहे.

नेहमीचा आक्षेप असा: मौदा आणि कोराडीच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या रात्रंदिवस धूर ओकतात, तिथे तुमच्या सायकलीचं काय घेऊन बसलात? हिशेब करून बघू. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणारी मोटारसायकल रोज 10 किलोमीटर चालली, तर महिन्याच्या 25 दिवसांत साडेअकरा किलो, वर्षाकाठी 138 किलो. आपल्या देशात माणशी वार्षिक उत्सर्जन 2 टनांच्या आसपास आहे. त्यातले सहा-सात टक्के एकट्या कामावर जाण्या-येण्याचे झाले. कोळशापुढे हे चिल्लर आहे, मान्य. पण उद्या कोराडीची चिमणी थंड झाली, तरी पेट्रोलचा धूर आपोआप थांबणार नाही. तो हिशेब वेगळाच चुकता करावा लागतो.

दुसरा आक्षेप उन्हाचा. नवतपात भरदुपारी सायकल चालवा असं सांगणारा माणूस विदर्भात राहत नसणार. पण त्या दिवसांत मोटारसायकलवालाही तोंडाला दुपट्टा गुंडाळून सावली शोधत असतो. उन्हाचं कारण सांगून सायकल मोडीत काढायची आणि चौपदरीकरणासाठी रस्त्याकडेची जुनी झाडं पाडायची, ही दोन्ही कामं एकाच तोंडाने करता येत नाहीत.

सायकल म्हणजे गरिबी, असंही म्हणतात. हे मी उडवून लावत नाही. आयुष्यभर पायडल मारलेल्या बापाला मुलाने हप्त्यावर गाडी घ्यावी असं वाटतं, त्यात वावगं काय? आसगावहून भंडाऱ्याला सायकलने जा, असं मी कुणाला सांगणार नाही. त्यासाठी एसटी आहे, ती वेळेवर यावी एवढंच. प्रश्न चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांचा आहे आणि शहरातल्या बऱ्याचशा फेऱ्या तेवढ्याच असतात.

आता सायकलप्रेमींकडे वळतो, कारण जास्त नुकसान त्यांनीच केलंय. रविवारी पहाटे गाडीच्या पाठीवर महागडी सायकल लादून रॅलीच्या ठिकाणी यायचं, टी-शर्ट घालून फोटो काढायचा आणि सोमवारी त्याच गाडीने ऑफिस गाठायचं. व्यायाम म्हणून उत्तम. हवामानाच्या खात्यात मात्र ही रक्कम जमा होत नाही, उलट थोडी नावेच पडते. ही मंडळी युरोपचा दाखला देतात. तिथल्या सात शहरांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सायकल वापरणाऱ्यांचं प्रवासातलं उत्सर्जन इतरांपेक्षा 84 टक्क्यांनी कमी निघालं. आकडा खरा आहे, पण तिथे तुलना बहुतेक मोटारवाल्यांशी आहे. आपल्याकडे शहराच्या कडेच्या वस्तीतून निघणारा गवंडी, सुरक्षारक्षक किंवा पेपरवाला, याच्याकडे सोडायला मोटार कधी नव्हतीच. त्याने काही सोडलं नाही, म्हणून त्याची कुठे नोंद नाही. आणि ज्या दिवशी तो सायकल विकून सेकंडहँड मोटारसायकल घेतो, त्या दिवशी वाढलेला धूरही कुणी लिहून ठेवत नाही.

तो सायकल का सोडतो, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. नव्या सिमेंट रस्त्याची कड बघा. रस्ता वर आणि बाजूची माती वीतभर खाली. मागून ट्रकने हॉर्न मारला की सायकलवाला कडेला सरतो, पुढचं चाक त्या खाचेत घसरतं आणि हँडल हातात राहत नाही. मॉलच्या दारात त्याची सायकल लावू देत नाहीत. आतल्या दुकानात तीस हजारांची सायकल काचेआड उभी असते.

योजना झाल्या नाहीत असं नाही. पुण्याने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत 2021 मध्ये नागपूर आणि पिंपरी-चिंचवड देशातल्या 11 विजेत्या शहरांत होती. कौतुकच आहे. पण नवा सायकलस्वार घडवण्याच्या नादात असलेला निसटतो, आणि असलेल्याला टिकवणं कितीतरी स्वस्त पडतं: रस्त्याची कड भरून घेणं, कारखान्याच्या आणि बाजाराच्या दारात छप्पर असलेलं स्टँड, चौकात ट्रकचा वेग कमी करणं.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळा टिकवायला दिलेली ती सायकल नकळत हवामानाचंही काम करून जाते. पुढे तीच मुलगी कॉलेजला नागपुरात जाते आणि पहिल्या वर्षात स्कूटीसाठी घरी फोन करते. बाप कर्ज काढून ती घेऊनही देतो, कारण त्या रस्त्यांवर पोरीला सायकलने पाठवण्याची त्याची हिंमत होत नाही. म्हणून नागपूर महापालिकेने पुढची सायकलींची मोजणी रविवारच्या रॅलीत न करता सोमवारी सकाळी उमरेड रोडवर करावी. निधी कुठे लावायचा ते तिथे कळेल.