डॉक्टरांची शाळा कधी सुटते?

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. झालेली, मुलुंडच्या एका मराठी शाळेत सारी हयात घालवलेली आणि २००९ साली निवृत्त झालेली एक मास्तरीण आहे. तेव्हा "तुम्हाला यातलं काय कळतं?" हा प्रश्न कुणाच्या ओठावर आला असेल तर तो रास्तच आहे. औषधातलं मला कळत नाही. पण शिकणं आणि शिकवणं यातलं थोडंफार कळतं, आणि आजचा विषय त्याचाच आहे.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे देवमाणूस. रात्री दोनला फोन केला तरी पायात चपला सरकवून येणारे. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. २००६ साली त्यांनी आमच्या ह्यांना अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली. ह्यांना हृदयाचा त्रास नव्हता, आजही नाही. थोडा रक्तदाब आणि साठीचं वय, एवढंच. "रक्त पातळ राहतं, झटका यायला नको," असं डॉक्टर म्हणाले. त्या काळी जगभर हेच चालत होतं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

जानेवारी २०२० मध्ये ह्यांना काळी शौचाला होऊ लागली. दोन दिवसांत चक्कर, घाम, आणि मग इस्पितळ. पोटात रक्तस्राव झाला होता. तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबांना हार्टचा काही त्रास? स्टेंट वगैरे? मग अ‍ॅस्पिरिन कशासाठी चालू आहे?" मी म्हटलं, "आमच्या डॉक्टरांनी दिली आहे, चौदा वर्षं झाली." त्या काही बोलल्या नाहीत. कागदावर त्या गोळीच्या नावावर एक रेघ ओढली, एवढंच.

घरी आल्यावर नातवाला बसवून त्या गोळीची माहिती काढली. २०१८ च्या सप्टेंबरात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ लोक, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, हृदयविकार नसलेले. निम्म्यांना रोज अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. जवळजवळ पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. निष्कर्ष असा की गोळीने धडधाकट आयुष्य काही वाढलं नाही, हृदयविकार म्हणण्यासारखे कमी झाले नाहीत, आणि मोठे रक्तस्राव मात्र वाढले. गोळी घेणाऱ्यांत शंभरात जवळजवळ चार, न घेणाऱ्यांत तीनाहूनही कमी. फरक लहान दिसतो खरा. पण त्या चौघांतला एक तुमच्या घरातला असला की तो लहान राहत नाही.

(इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते. ज्यांना झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, त्यांच्यासाठी हीच गोळी जीवनदायी आहे. माझा लेख वाचून कुणीही स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. डॉक्टरांना विचारावं.)

मी तो कागद घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. भांडायला नव्हे. त्यांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, आणि म्हणाले, "बाई, मला हे कुणी सांगितलंच नाही."

हे वाक्य मला आजही छळतं. कारण ते शंभर टक्के खरं होतं. अभ्यास छापून सोळा महिने झाले होते, आणि मुलुंडमध्ये रोज साठ-सत्तर पेशंट तपासणाऱ्या त्या भल्या माणसाला तो सांगायला कुणी आलं नव्हतं. मग येत कोण होतं? रोज दुपारी एक वाजता बॅग घेऊन बाहेरच्या बाकावर बसणारे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. नवीन गोळी बाजारात आली हे सांगायला माणूस येतो. जुनी गोळी आता नको, हे सांगायला कुणीही येत नाही, कारण त्यात कुणाचाच फायदा नाही. पेशंट सोडून.

आता माझी शाळा आठवा. २००६ साली शास्त्रज्ञांनी प्लुटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. पंचवीस वर्षं मी मुलांकडून नऊ ग्रह घोकून घेतले होते. मी जर पुढच्या वर्षी म्हटलं असतं की माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, माझ्या वर्गात ग्रह नऊच राहतील, तर मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं असतं. पुस्तक बदललं की आम्हाला प्रशिक्षणाला जावं लागे. कुरकुर करत जायचो, सुट्टी बुडाली म्हणून बोटं मोडायचो, पण जायचो. आणि प्लुटोमुळे कुणाच्या पोटात रक्तस्राव होत नाही!

कुणी म्हणेल, बाई एका गोळीवरून रामायण रचताहेत. तर मग आपल्याच मुंबईतली, छापून आलेली गोष्ट सांगते. १९९१ साली डॉ. मुकुंद उपलेकर आणि शेपर्ड यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या १०० खाजगी डॉक्टरांना क्षयरोगाचं औषध कसं देता ते विचारलं. एकाच रोगासाठी ८० तऱ्हेच्या चिठ्ठ्या निघाल्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० मध्ये, हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ जणांनी उत्तरं दिली. चिठ्ठ्या निघाल्या ६३ प्रकारच्या, आणि त्यांतल्या बरोबर किती? सहा! माझ्या वर्गात १०६ पैकी सहा मुलं पास झाली असती तर दोष मुलांचा धरला नसता, शाळेचा धरला असता.

त्याचे परिणामही आपण भोगले. २०११ च्या अखेरीस त्याच हिंदुजामधून बातमी आली की तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण सापडले आहेत. त्यांतल्या तिघांनी आधी वेगवेगळ्या खाजगी डॉक्टरांकडून अर्धवट, चुकीच्या मात्रेत औषधं घेतलेली होती. पुढे मुंबई आणि पाटण्यात एक वेगळीच परीक्षा घेतली गेली. क्षयाची लक्षणं पाठ करून पेशंटचं सोंग घेतलेली माणसं दवाखान्यांत पाठवली. २०१८ मध्ये निकाल छापला. तीन भेटींतल्या जेमतेम एका भेटीत योग्य ते केलं गेलं होतं.

आणि या रोगाचं ज्ञान काही थांबून राहिलेलं नाही. खोकला दोन आठवडे टिकला की क्षयाची तपासणी करा, हा नियम २००९ साली आला, आधी तीन आठवड्यांचा होता. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय ओळखण्याच्या चाचण्यांवर सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली, त्या भरवशाच्या नव्हत्या म्हणून. दिवसाआड दिली जाणारी सरकारी औषधं २०१७ मध्ये रोजची झाली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी दीड-दोन वर्षांच्या उपचारांच्या जागी सहा महिन्यांचे उपचार २०२४ मध्ये मंजूर झाले. ज्या डॉक्टरांनी १९८५ साली शेवटचं पुस्तक मिटलं, त्यांच्यापर्यंत हे कसं पोचायचं?

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. तीन उत्तरं नेहमी मिळतात.

पहिलं, "अनुभव आहे." अनुभवाला मी हात जोडते. पण अनुभव डोळ्यांसमोरचं सांगतो. ज्या पेशंटला गोळीने रक्तस्राव झाला तो इस्पितळात जातो, दवाखान्यात परत येतोच असं नाही. जो ठणठणीत असतो तो दर महिन्याला येऊन नमस्कार करतो. मग गोळी चांगलीच वाटणार! शंभरातला एखाद-दुसरा फरक एका डॉक्टरच्या डोळ्यांना दिसूच शकत नाही. त्यासाठीच तर एकोणीस हजार माणसं मोजावी लागतात.

दुसरं, "हे गोऱ्यांचे अभ्यास, आपल्या लोकांना लागू नाहीत." काही बाबतीत हे खरंही असेल. पण आपलेही अभ्यास आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू कसे घटले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. कमी शिकलेल्या आरोग्यदूत बायका जर पुराव्यावर आधारलेलं काम अचूक करू शकतात, तर एम.बी.बी.एस. झालेल्यांना अवघड का जावं?

तिसरं उत्तर, "वेळ कुठे आहे?" हे मात्र अर्धं खरं आहे. सकाळ-संध्याकाळ दवाखाना, मदतीला एक कंपाउंडर, आजारी पडायलाही रजा नाही. पण जरा हिशेब करू. नियमाप्रमाणे डॉक्टरांनी पाच वर्षांत ३० तासांचं पुढचं शिक्षण घ्यायचं असतं. गणित माझा विषय नव्हे, पण एवढं येतं. ३० तास म्हणजे १,८०० मिनिटं. पाच वर्षं म्हणजे १,८२५ दिवस. दिवसाला एक मिनिटसुद्धा नाही! त्यातही हजेरी लागली की पुरे, परीक्षा नाही. एवढा वेळ तर दुपारच्या एका प्रतिनिधीला सहज मिळतो.

बरं, चांगलं ज्ञान पोचतच नाही असंही नाही. दर पावसाळ्यात आपली महानगरपालिका सांगते की तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, लेप्टो होऊ नये म्हणून गोळी लागेल का ते विचारा. आमच्या डॉक्टरांना हे तोंडपाठ आहे. पाऊस झाला की पहिला प्रश्न तोच, "पाण्यातून आलात का?" म्हणजे दोन ओळींत, वेळेवर, विकायला काही नसलेल्या माणसाने सांगितलं की डॉक्टर शिकतात. दोष बुद्धीचा नाही, दोष पोचवणाऱ्याचा आहे.

मग करायचं काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ पासून एकेका आजाराचे एकेका पानाचे उपचारतक्ते काढले आहेत, फुकट. ते प्रत्येक दवाखान्यात पोचवा, आणि तक्ता बदलला की नुसता नवा कागद नको, 'काय बदललं आणि का' याच्या दोन ओळी पाठवा. राजावाडी, कूपर यांसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत महिन्यातून एका दुपारी उपनगरातल्या डॉक्टरांसाठी तास घ्या. औषध कंपनीच्या पैशाने हॉटेलात नव्हे, रुग्णालयाच्या सभागृहात, चहा-बिस्किटांवर. काय सुरू करायचं याच्याइतकाच वेळ काय बंद करायचं याला द्या. आणि त्या तीस तासांपैकी निम्मे तास असेच भरले पाहिजेत असा नियम करा. यात न परवडणारं काय आहे?

आणि आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. सुई टोचली नाही तर डॉक्टर कसले, असं म्हणणारे आपणच. "नुसता व्हायरल आहे, औषध नको," म्हणणाऱ्या तरुण डॉक्टरला सोडून शेजारच्या दवाखान्यात जाणारे आपणच. 'हाताला गुण आहे' म्हणत आपण डॉक्टरांना देव केलं, आणि देवाला कुणी अभ्यास कर म्हणत नाही!

आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी कागद ठेवून घेतला. आठवडाभराने कंपाउंडर सांगत होता, "बाई, साहेब रोज रात्री जुने केसपेपर काढून बसतात. सत्तरीच्या वरच्यांचे. कुणाची गोळी का चालू आहे ते बघतात." त्यांनी माझ्याकडे तो विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. पण माझ्या मनात त्यांची जागा आणखी वर गेली. पासष्टीला आलेला माणूस स्वतःची जुनी वही स्वतःच तपासायला बसतो, याला मी विद्यार्थी म्हणते.

फक्त प्रश्न एवढाच की तो कागद घेऊन जायला एका पेशंटच्या बायकोला का जावं लागलं? तेही तीन बाटल्या रक्त चढल्यावर?

तुम्ही पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा वर्षानुवर्षं चालू असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्या आणि नम्रपणे एवढंच विचारा, "डॉक्टर, यातलं अजून काय काय लागतं?" चांगला डॉक्टर रागावणार नाही. आणि रागावलाच, तर तेही कळलेलं बरं.