टोपीची वसुली

डॅशिएल हॅमेट हा अमेरिकन कादंबरीकार लेखणी हाती घेण्यापूर्वी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीस होता. त्यामुळे त्याच्या कथांतील गुन्हेगार पुस्तकी वाटत नाहीत. ‘ब्लॅक मास्क’ मासिकातून क्रमशः आलेली त्याची ‘द ग्लास की’ ही कादंबरी १९३१ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यात खून आहे, राजकारण आहे; परंतु व्यापारी घरातील वाचकाचे लक्ष वेधील ते त्यातील एक बुडालेले येणे.

नायक नेड बोमाँट हा जुगारी. शहरातील राजकीय पुढारी पॉल मॅडविग याचा तो उजवा हात. दोन महिने सतत हरल्यानंतर एका घोडीवर लावलेला डाव त्याला लागतो. रक्कम ३,२५० डॉलर. मात्र बर्नी डेस्पेन हा बुकी पैसे न देताच न्यूयॉर्कला पसार होतो. असल्या येण्याला ना खाते, ना दस्तऐवज, ना न्यायालय. बोमाँट मागोमाग जातो. पहिल्याच भेटीत डेस्पेनचा अंगरक्षक त्याच्या पोटात ठोसा हाणून त्याला लोळवतो.

आता सूडाची युक्ती. सेनेटर हेन्रीच्या मुलाचा खून झालेला असतो आणि मृताने डेस्पेनला जुगारातील देण्याच्या चिठ्ठ्या लिहून दिलेल्या असतात. प्रेताजवळ टोपी नव्हती, हे बोमाँटच्या ध्यानात असते. मृताची दुसरी एक टोपी मिळवून तो ती डेस्पेनच्या खोलीत गुपचूप ठेवतो व खुनाचा आळ घेण्याची धमकी देतो. पैसे तात्काळ निघतात!

सप्तव्यसनांत द्यूताला अग्रस्थान का, हे या प्रसंगात नेमके दिसते. येणे खरे आणि वसुलीचा पुरावा बनावट. तेही बोमाँट त्या वेळी सरकारी वकिलाच्या कचेरीचा नेमलेला तपासनीस असताना! त्याला पैशाची ओढ फारशी नाहीच. हरण्याने आपण खचत चाललो आहोत, एवढेच त्याला सलते. आपली रक्कम अडकल्यावर दुकानदाराची जी तळमळ होते तिच्याहून ही निराळी, आणि अधिक धोक्याची.

हॅमेट पात्रांच्या मनात शिरत नाही. कोण काय बोलले व केले एवढेच लिहितो. आरंभी हे रुक्ष वाटते. पुढे मात्र बोमाँटच्या मिशीवरून फिरणाऱ्या नखाकडेही वाचक संशयाने पाहू लागतो. त्या टोपीबद्दल लेखक त्याला दोष देत नाही, शाबासकीही देत नाही. खरा खुनी शेवटी सापडतो तो जुगाराच्या अड्ड्यावर नव्हे, तर सेनेटरच्याच घरात.