एकच ग्रे, दोन भाव

सुरतेत माणसाची पत चोपड्यावरून कळत नाही, कारण चोपडा कुणी कुणाला दाखवत नाही. ती कळते दुकानाखाली लावलेल्या गाडीवरून. त्यामुळे रिंग रोडच्या कापड मार्केटात 'लेक्सस म्हणजे टोयोटाच की हो' असं कुणी म्हटलं, की गाडीवाल्या शेठला ते झोंबतं.

बोलणारा खोटं बोलत नसतो, लेक्सस हे टोयोटानेच महागड्या गाड्यांना दिलेलं नाव. टोयोटाची कॅमरी आणि लेक्ससची ईएस एकाच सांगाड्यावरच्या, इंजिनही दोघींना अडीच लिटरचं हायब्रिड. २०२० पासून ईएसची जुळणीसुद्धा कॅमरी बनते त्याच, बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात होऊ लागली. किमतीतला फरक मात्र पंधरा लाखांच्या वरचा. त्या पैशात पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ४५ मिलिमीटरने वाढतं, बाहेरचा आवाज आणखी दबतो, आतली सजावट उंची होते. आम्हा कापडवाल्यांना याचं नवल नाही. एकाच लूमवरचं ग्रे, म्हणजे कोरं कापड, पांडेसराच्या मिलमध्ये जातं, कुणावर साधी छपाई होते, कुणावर बरं फिनिशिंग, आणि बॉक्स बदलला की भाव बदलतो.

कॅमरी-ईएसचा फरक मी तरी समजून घेईन. पण वेलफायर आणि एलएम? टोयोटाची नवी वेलफायर २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली तेव्हा किंमत १ कोटी २० लाखांपासून होती. पुढच्या मार्चमध्ये लेक्ससची एलएम आली, २ कोटींपासून. इंजिन पुन्हा अडीच लिटरचंच, चाकांमधलं अंतर दोघींत ३००० मिलिमीटर. अडीच कोटींच्या चार आसनी एलएममध्ये ड्रायव्हर आणि शेठ यांच्यामध्ये भिंत घातलेली, आणि त्या भिंतीवर ४८ इंची पडदा. एवढ्या पैशांत आमच्या लिंबायतमध्ये भिंतीसकट चाळ उभी राहील.

गंमत म्हणजे खुद्द जपानमध्ये २००५ पर्यंत लेक्सस या नावाने गाडी विकलीच जात नव्हती. १९८९ मध्ये अमेरिकेत लेक्सस एलएस म्हणून गाजलेली गाडी जपानी माणूस टोयोटा सेल्सिअर म्हणून घेत होता. टोयोटा म्हणजे काटकसरीची गाडी, असा समज अमेरिकेत होता. नवं नाव लागलं ते तिथल्या गिऱ्हाईकासाठी.

हा नुसता भपका आहे, असं मात्र मला वाटत नाही. व्यापाऱ्याला बोनेटवरचा बिल्ला कामाला येतो. समोरची पार्टी तो बघून उधारीचे दिवस वाढवून देते. २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी मिळून एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या, त्यातही शहराची पत दाखवण्याचा भाग होताच. गावच्याच शेंद्र्यात स्कोडाच्या कारखान्यात ऑडीची जुळणी होत होती, तरी त्यांनी मर्सिडीजच घेतली. रोज डोळ्यांसमोर जोडली जाणारी गाडी कितीही महाग असली तरी दबदबा थोडा कमीच पडत असावा. पगारदाराला मात्र बिल्ल्यावर कुणी उधार देत नाही. त्याने कॅमरीच घ्यावी, तीही हप्ते झेपले तर.

बिल्ला खालच्या दिशेनेही चालतो, हे सुरतेइतकं कुणी पाहिलं नसेल. २०१६ च्या दिवाळीत इथल्या एका हिरे कंपनीने कामगारांना १२६० गाड्या देऊ केल्या, त्यात डॅटसन रेडी-गो शेकड्यांनी होत्या. डॅटसन हे निस्सानने स्वस्त गाड्यांसाठी पुन्हा बाहेर काढलेलं जुनं नाव. २०२२ मध्ये निस्सानने ते भारतातून गुंडाळलं. तेव्हा दुरुस्तीच्या काळजीने काही रत्नकलाकार धास्तावले असतील. पण रेडी-गोचा सांगाडा रेनो क्विडचाच आणि आठशे सीसीचं इंजिनही तिचंच. त्यामुळे वराछाचा गॅरेजवाला बोनेट उघडून अडून बसत नाही.