खच्चीकरण आणि बैलाचे आयुष्य

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी व त्र्यंबकेश्वर भागात भातखाचरांच्या चिखलणीसाठी डांगी बैलास तोड नाही. खच्ची केलेला बैल वळूपेक्षा अधिक जगतो, अशी समजूत या भागातच नव्हे, तर गावोगावी आढळते. ती निराधार नाही. परंतु तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे.

वृषणांतील अंतःस्रावामुळे नराचे वशिंड, मान व खांदे भरतात आणि अंगी झुंजारपणा येतो. याची किंमत शरीरास मोजावी लागते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, खच्ची केलेल्या नर मेंढ्यांच्या पेशींत वार्धक्याच्या खुणा खच्ची न केलेल्या नरांपेक्षा सावकाश उमटतात.

मग प्रजननेंद्रिये आयुष्याची वैरी मानावीत काय? तसे नाही. सूत्रकृमींवरील १९९९ च्या प्रयोगात केवळ बीजपेशी नष्ट केल्या असता कृमी सुमारे दीडपट जगले. संपूर्ण जननग्रंथी काढली असता मात्र आयुष्य वाढले नाही. म्हणजे एकाच अवयवातून आयुष्य वाढविणारे व घटविणारे असे दोन्ही संदेश निघतात. २००३ मध्ये तर तरुण उंदरांचे अंडाशय वयस्क माद्यांत बसविल्यावर त्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसून आले. नर व मादी यांस एकच नियम लावता येत नाही.

तेव्हा आयुष्य वाढेल या आशेने कोवळा गोऱ्हा खच्ची करण्याची घाई करू नये. त्याची मान व वशिंड पुरेसे भरत नाही आणि तो जुवाखाली कमी पडतो. उलट, गावातील सर्वच उत्तम गोऱ्हे खच्ची झाले, तर डांगी वंश कोणी चालवावयाचा? एका बैलाचे आयुष्य वाढेल, पण वंशाचे खुंटेल. म्हणून निवडक गोऱ्हे वळू म्हणून राखावेत. इतरांचे खच्चीकरण योग्य वयात, पशुवैद्यकाकडून, भूल देऊन व बर्डिझो चिमट्यानेच करून घ्यावे. दगडाने ठेचण्याची जुनी रीत क्रूर असून घातकही आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीस बंदी आहे. वाढलेले आयुष्य म्हणजे वाढलेली जबाबदारी, हे त्यामुळे विसरून चालणार नाही. वेळेवर लस, पोटभर वैरण व पुरेशी विश्रांती मिळाली, तरच ते आयुष्य सुखाचे होईल. पोळ्याला घातलेली झूल एका दिवसाची असते. थकलेल्या बैलापुढची वैरण मात्र रोजची असावी लागते.