टक्केवारीत न मावणारी जोखीम

इंग्लंडच्या शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये आत्महत्या-प्रतिबंधाचे नवे धोरण जाहीर केले, तेव्हा विशेष लक्ष पुरवावयाच्या गटांत स्वमग्न व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख केला. त्यास आधार होता. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींवरून २०१६ साली झालेल्या अभ्यासात स्वमग्नांमध्ये आत्महत्येची शक्यता इतरांच्या सुमारे साडेसातपट आढळली. डेन्मार्कच्या २०२१ मधील अभ्यासात तिपटीहून अधिक. आकडे भिन्न असले तरी दिशा एकच आहे.

स्वीडनच्या अभ्यासातील अधिक अस्वस्थ करणारी बाब निराळीच आहे. बौद्धिक अपंगत्व नसलेल्या स्वमग्नांमध्ये ही जोखीम जास्त दिसली. म्हणजे जो मुलगा नीट बोलतो, गुण मिळवितो, ज्याच्याविषयी शिक्षक ‘जरा एकलकोंडा आहे, इतकेच’ असे म्हणतात, तोच अधिक धोक्यात. इतरांसारखे दिसण्यासाठी तो दिवसभर नक्कल करतो. न समजलेल्या विनोदावर हसतो, मधल्या सुट्टीचा गोंगाट सोसतो, चेष्टा गिळतो. असे लपविणे आणि आत्मघाताचे विचार यांचा संबंध ब्रिटनमधील प्रौढ स्वमग्नांच्या २०१८ च्या पाहणीत आढळला आहे. नक्कल जितकी यशस्वी, तितकी मदत दूर!

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेस मान्यता दिली खरी. परंतु आरक्षणासारख्या महत्त्वाच्या लाभांना किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. टक्केवारी बाह्य लक्षणांची निघते, लपविण्याच्या श्रमांची नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदविल्या. वय, शिक्षण, कारण यांचे तक्ते तेथे आहेत. स्वमग्नतेचा रकाना नाही. ज्याचा रकाना नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोण मागणार?

रकाना होईपर्यंत शाळांनी थांबण्याचे कारण नाही. स्वमग्न मुलाचे दुःख रडण्यातून दिसेलच असे नव्हे. आवडता छंद अचानक सुटणे, बोलणे खुंटणे, स्वतःला इजा करणे यांस ‘सवय’ म्हणून सोडून देऊ नये. जगणे नकोसे वाटते का, असे शांतपणे व सरळ शब्दांत विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, असे अभ्यास सांगतात. १४४१६ ही ‘टेलि-मानस’ची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. मात्र अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे हेच ज्याला सर्वांत कठीण, त्याच्यासाठी तो क्रमांक पालकाने वा शिक्षकाने शेजारी बसून लावावा लागेल.