जादूचे कायदे आणि वाचकांचे तर्क

कथावाचन हा वेळ दवडण्याचा एक सभ्य मार्ग आहे, असें मानणारे वडीलधारे गृहस्थ आपल्याकडे प्रत्येक पिढींत असतात. त्यांच्या तक्रारीचा विषय मात्र पिढीगणिक बदलतो. आज तो मान इंग्रजी भाषेंतील अद्भुतरम्य महाकादंबऱ्यांकडे आला आहे. सातसातशें, आठआठशें पानांचे खंड, एका खंडांत न मावणारी कथा, आरंभींच्या पानांवर नकाशे, आणि जिकडे तिकडे मांत्रिक व त्यांचे मंत्र! घरांतील तरुण मंडळी हे ग्रंथ नुसते वाचून थांबत नाहींत. ह्या मंत्राचा मूळ नियम कोणता, ह्या शक्तीची मर्यादा कोठें येते, पहिल्या खंडांत सहज आलेल्या वस्तूचा तिसऱ्या खंडांत काय उपयोग होणार, ह्यांविषयीं तीं आपापसांत तासन् तास वाद घालतात. जी जादू मुळांतच खोटी, तिच्या कायद्यांवर एवढी बुद्धि कां खर्चावी, असा प्रश्न वडिलांनीं केला तर तो अगदींच गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. त्याचें उत्तर शोधावें, असें ह्या महिन्यांत आम्ही योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, अद्भुत कथांतील जादू एकाच जातीची नसते. जे. आर. आर. टोल्किन यांचा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा ग्रंथ १९५४-५५ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांतील गॅन्डाल्फ ह्या मांत्रिकाच्या अंगीं कोणकोणत्या शक्ति आहेत व त्या कशानें क्षीण होतात, ह्याचा जमाखर्च लेखकानें कोठेंही मांडलेला नाहीं. टॉम बॉम्बाडिल नांवाचें एक पात्र तर असें आहे कीं, ज्या अंगठीपुढें थोरथोर कांपतात, तिचा त्याच्यावर कांहींच परिणाम होत नाहीं. हा कोण, ह्याविषयीं वाचकांनीं पुष्कळ तर्क केले. परंतु १९५४ सालींच टोल्किन यांनीं एका पत्रांत लिहून ठेविलें होतें कीं, हें गूढ आपण जाणूनबुजून गूढच ठेविलें आहे. ह्या जातीची जादू देवळाच्या गाभाऱ्यासारखी असते; तेथें थोडा अंधार असावा, हेंच उचित.

दुसऱ्या जातीची जादू शास्त्रासारखी असते. तिला नियम असतात व ते वाचकाला आधीं सांगितलेले असतात. अमेरिकन लेखक जॅक व्हॅन्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) ह्या पुस्तकांतील मांत्रिकाला एका वेळीं थोडेच मंत्र मुखोद्गत ठेवितां येतात, आणि मंत्र एकदां उच्चारला कीं तो स्मरणांतून पार पुसला जातो. एवढ्या एका अटीनें कथेला केवढा रंग चढतो पाहा! घराबाहेर पडतांना कोणते मंत्र पाठ करून निघावें, हाच मुळीं प्राणसंकटाचा प्रश्न होऊन बसतो. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ह्या कादंबरींत प्रत्येक वस्तूला एक खरें नांव असतें व तें ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. गेड हा तरुण अहंकाराच्या भरांत मृतांच्या जगाचें दार उघडतो आणि तेथून निघालेली एक छाया त्याच्या पाठीस लागते. विद्यापीठाचा मुख्य आचार्य म्हणतो, त्या छायेला नांवच नाहीं. गेडचा गुरु ओजियन म्हणतो, नांव नाहीं अशी वस्तूच नाहीं. दोघांतील खरें कोणाचें? येथें विचारी वाचक पुस्तक मिटून क्षणभर थांबतो. गुरूचा नियम खरा मानला, तर त्या छायेचें नांव काय असेल? शेवटीं गेड तिला स्वतःच्याच नांवानें हाक मारतो, तेव्हां तो प्रकार केवळ चमत्कार वाटत नाहीं, नियमांतून निघालेला सिद्धान्त वाटतो; आणि त्याबरोबरच मनुष्यस्वभावाचें एक कडू सत्यही हातीं लागतें.

हा दुसरा मार्ग ब्रॅन्डन सॅन्डरसन यांनीं अगदीं टोकाला नेला आहे. त्यांच्या 'मिस्टबॉर्न' ह्या कथेचा पहिला खंड २००६ सालीं व तिसरा २००८ सालीं निघाला. तींतील कांहीं माणसें धातूचे कण गिळतात व ते पोटांत 'जाळून' शक्ति मिळवितात. कथलानें इंद्रियें तीक्ष्ण होतात, लोखंडानें दूरचा धातु आपल्याकडे ओढतां येतो, पोलादानें तो दूर ढकलतां येतो. पण ढकलणाऱ्याला उलट धक्का बसल्याखेरीज राहत नाहीं. नाणें जमिनीवर टाकून ढकललें, तर नाणें खालीं जाऊं शकत नाहीं म्हणून माणूस वर उडतो. आणि समोरचा धातु आपल्याहून जड असला, तर तो न हलतां आपणच मागें फेकले जातों. न्यूटनचा क्रिया-प्रतिक्रियेचा नियम शाळेंत पाठ करून विसरलेला मुलगा येथें तो चटकन् ओळखतो. २००७ सालीं सॅन्डरसन यांनीं एका निबंधांत आपलें तत्त्व मांडलें. त्याचा आशय असा कीं, कथेंतील संकट जादूच्या साह्यानें समाधानकारक रीतीनें सोडवावयाचें असेल, तर ती जादू वाचकाला तितकीच चांगली समजलेली असली पाहिजे. पुढें त्यांनीं आणखी एक तत्त्व जोडलें: शक्तीपेक्षां शक्तीच्या मर्यादा अधिक महत्त्वाच्या.

हें दुसरें तत्त्व वाचतांना आमच्या वाचकांना महाभारताची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. इंद्रानें कर्णाला दिलेली शक्ति अमोघ खरी, पण ती एकदांच चालणार. अर्जुनासाठीं जपून ठेविलेली ती शक्ति घटोत्कचावर खर्ची पडली, आणि त्या प्रसंगाचें सारें कारुण्य त्या 'एकदांच' मध्यें आहे. कर्णानें ती अर्जुनावर आधींच कां सोडली नाहीं, हा प्रश्न तर खुद्द धृतराष्ट्र संजयाला विचारतो. म्हणजे शस्त्राचा नियम पक्का धरून पात्रांच्या वर्तनाची झडती घेणें, हा उद्योग कांहीं परक्यांकडून आलेला नाहीं. आजचा तरुण तोच प्रश्न नव्या ग्रंथाला विचारतो, इतकेंच.

नियम उघड सांगितले कीं वाचकाला तर्काचा अधिकार मिळतो. सॅन्डरसन यांची 'एलान्ट्रिस' (२००५) ही कादंबरी ह्याचें सुबोध उदाहरण आहे. देवतुल्य माणसांचें हें नगर कथेच्या आरंभापूर्वीं दहा वर्षें एकाएकीं शापित झालें आहे. तेथील माणसांच्या जखमा भरत नाहींत, वेदना शमत नाहींत. त्यांची जादू हवेंत बोटानें काढलेल्या आकृतींची. आकृति त्याच, रेषा त्याच; सामर्थ्य मात्र गेलेलें. त्या आकृति देशाच्या भूमीच्या आकारावर बेतलेल्या आहेत, हा दुवा हातीं आला कीं कोडें उलगडूं लागतें. भूकंपानें देशांत एक प्रचंड दरी पडली, भूमीचा आकार बदलला, आणि आकृतींत त्या दरीची रेषा कोणीं घातलीच नाहीं! ती रेषा वाढवितांच आकृतींत पुन्हा चैतन्य येऊं लागतें. 'मिस्टबॉर्न' मध्येंही नायिका व्हिन हिच्या कानांत पहिल्या खंडापासून एक साधी बाळी आहे. त्याच खंडांत डोळ्यांतून पोलादी खिळे आरपार ठोकलेले क्रूर अधिकारी वावरतात. शरीर भेदणारा धातु दोन्हीकडे आहे, हें ज्यानें टिपलें, त्याला तिसऱ्या खंडांत ती बाळीच शत्रूचें द्वार ठरते तेव्हां आश्चर्य वाटतें, पण फसवणूक वाटत नाहीं. आमच्या मतें चांगल्या लेखकाची हीच कसोटी होय.

आतां ह्या छंदांतील धीराची गोष्ट. रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९९० सालीं निघाला. तींतील दैवी शक्तीचे पुरुषांचें व स्त्रियांचें असे दोन भाग आहेत. पुरुषांचा भाग विटाळलेला असल्यामुळें तो वापरणारा पुरुष शेवटीं वेडा होतो. १९९३ सालच्या पांचव्या खंडाच्या अखेरीस अस्मोडियन हा एक दुष्ट मांत्रिक एक दार उघडतो, समोरच्या व्यक्तीला ओळखतो आणि तत्क्षणीं मरतो. मारणारा कोण, हें लेखक सांगत नाहीं. त्या वेळीं कोण कोठें होतें, कोणाला कोणती विद्या अवगत होती, अस्मोडियन कोणाकोणाला ओळखत होता, ह्यांची छाननी वाचक पुढें सतरा वर्षें करीत राहिले. उत्तर २०१० सालच्या तेराव्या खंडांत मिळालें, आणि तेंही कथेंत नव्हे तर अखेरच्या शब्दसूचींत: ग्रेन्डल ह्या मांत्रिकेनें त्याला मारिलें होतें. पण तोंपर्यंत मूळ लेखक हयात राहिले नव्हते. जॉर्डन २००७ सालीं वारले. त्यांच्या मागें राहिलेल्या टिपणांवरून शेवटचे तीन खंड सॅन्डरसन यांनीं लिहिले व २०१३ सालीं ग्रंथ पुरा झाला. नियमबद्ध रचनेचा हा एक मोठा गुण आम्हांस वाटतो. पाया आणि मापें नीट असलीं, म्हणजे एकानें आरंभिलेलें घर दुसऱ्याला पुरें करितां येतें.

प्रत्येक घराच्या नशिबीं असा गवंडी येत नाहीं. पॅट्रिक रॉथफस यांच्या कथेचा पहिला खंड २००७ सालीं व दुसरा २०११ सालीं निघाला. तिसऱ्याची वाट पाहण्यांत वाचकांचीं कित्येक वर्षें गेलीं. एके काळचा महामांत्रिक क्वोथ आतां नांव बदलून खाणावळ चालवीत आहे. त्याचा मंत्र फसतो, हातघाईंत तो मार खातो. असें कां झालें? दुसऱ्या खंडांत तो प्रिय स्त्रीजवळ एक शपथ घेतो व ती घेतांना आपलें नांव, आपली शक्ति आणि आपला डावा हात पणाला लावतो. शपथ मोडली आणि पणाला लाविलेलें सारें गेलें, असा वाचकांचा एक तर्क आहे. तर्क म्हणून तो देखणा आहे. पण पुढला खंड हातीं आल्याखेरीज तो खरा कीं खोटा, हें कोण सांगणार? पुरावा थांबला कीं तर्क करणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. कांहीं वाचक अशा वेळीं धीर सोडतात, आणि लेखक म्हणजे आपला कर्जदार आहे अशा थाटांत त्याच्यावर तुटून पडतात. हें आम्हांस मुळींच शोभादायक वाटत नाहीं. पुस्तकाची किंमत देणाऱ्याला पुस्तक मिळतें. लेखकाचें आयुष्य मिळत नाहीं.

लेखकाच्या बाजूनेंही एक मोह असतो. जॉर्ज मार्टिन यांच्या ग्रंथमालेचा शेवट एकदोन वाचकांनीं बरोबर ओळखला होता. वाचकांनीं ओळखला म्हणून तो बदलावा काय? २०१४ सालीं एडिंबरो येथील ग्रंथमहोत्सवांत मार्टिन यांनीं सांगितलें कीं, आपण तो बदलणार नाहीं. हा निर्णय आम्हांस सर्वस्वीं योग्य वाटतो. ज्या खुणा प्रामाणिकपणें पेरल्या, त्या केवळ कोणाला ओळखूं आल्या म्हणून खोट्या पाडणें, ही सावध वाचकाला शिक्षा आणि गाफील वाचकाला बक्षीस झालें.

तात्पर्य, हा छंद वायफळ नाहीं. पण त्याला पथ्य आहे. धुरावरून अग्नीचें अनुमान करणें ही आपल्या न्यायशास्त्राची पहिली पायरी. आणि धुकें पाहून अग्नि सांगणें हा हेत्वाभास. जो तर्क पुढल्या पानानें खोटा ठरूं शकतो, तोच तर्क. कोणतेंही पान निघालें तरी ज्याला आधार सांपडतो, तो नुसता हट्ट होय. लेखकानें कोडें घातलें असेल तेथें उत्तर शोधावें. त्यानें गूढ राखिलें असेल तेथें हात जोडून पुढें जावें. आणि स्वतःचा तर्क चुकला, तर तो हंसत मागें घ्यावा. ही शेवटली विद्या तर सभा-संमेलनांत नित्य बोलणाऱ्या मोठ्या माणसांनाही क्वचित् साधते!

म्हणून वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी अशा एखाद्या मंत्रशास्त्राची उपपत्ति सांगूं लागली, तर 'काय हा खुळेपणा' म्हणून तिला थांबवूं नये. 'तुझा पुरावा कोणता? आणि काय निघालें तर तुझा तर्क खोटा ठरेल?' असे दोन प्रश्न मात्र अवश्य विचारावे. ह्या दोन प्रश्नांचें नीट उत्तर देण्याची संवय ज्याला खोट्या जादूच्या बाबतींत लागली, त्याला पुढें खऱ्या जगांतील भोंदू मांत्रिक सहसा फसवूं शकणार नाहीं.